राणीची चाल

“बाईसारखं चाला, मालतीबाई! बाईसारखं!”

दत्तोपंतांचा सकाळपासूनचा हा सतरावा ओरडा. मी डोक्यावरचा रिकामा घडा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ते पाहून ते आणखीच भडकले.

“आणि हे असं उभं राहायचं नाही! राणी आहात तुम्ही. पानिपतावर निघाल्यासारखं काय उभं राहता?”

“बाईसारखं म्हणजे कसं?” मी विचारलं. “मी बाईच आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“असाल,” ते म्हणाले, “पण पडद्यावर दिसत नाही.”

कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा मिस्त्री तोंड फिरवून हसला. मला त्याच्या डोक्यात घडा घालावासा वाटला. पण घडा कंपनीचा होता.

ही कोल्हापूरची गोष्ट, मूकपटांच्या दिवसांतली. गावाबाहेरच्या आमराईत दत्तोपंत घारपुऱ्यांनी चित्रं काढायची कंपनी थाटली होती. पुठ्ठ्याचा राजवाडा, उजेड परतवायला बांबूंवर ताणलेली पांढरी कापडं आणि मधोमध तिपाईवर कॅमेरा. ऊन असेल तोवर काम चालायचं, ढग आला की सगळे त्याला शिव्या देत बसायचे. माझं खरं नाव म्हाळसा केरकर. ‘मिस मालती’ हे नाव दत्तोपंतांचं. म्हाळसा हे नाव जाहिरातीत घातलं तर लोकांना जत्रा वाटेल, असं त्यांचं म्हणणं. माझं गाणं ऐकून त्यांनी मला उचललं आणि अशा धंद्यात आणलं, जिथं माझा आवाज कुणालाच ऐकू येणार नव्हता. त्यांची अक्कल ही अशी चालायची.

त्याआधी चौदा वर्षं मी अक्का चालवायच्या त्या बायकांच्या नाटकमंडळीत होते. तिथं सगळी कामं बायकाच करायच्या, राजाचं काय नि राक्षसाचं काय. बाराव्या वर्षी मी अंगानं उंच आणि आवाजानं भरदार निघाले. अक्कांनी माझ्या ओठावर मिशी चिकटवली, ती चौदा वर्षं निघाली नाही. कमरेला खरी तलवार बांधून त्या मला देवळाच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावायच्या. टाच आधी, चवडा मागून. “राजा जमिनीला विचारून पाऊल टाकत नाही,” म्हणायच्या. शिकवलं त्यांनी जीव तोडून, पण शाब्बास म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत. नायिका व्हायच्या नाजूक चणीच्या पोरी. लोक त्यांच्यासाठी डोळे पुसायचे आणि माझ्यासाठी शिट्ट्या वाजवायचे.

मला एकदा, फक्त एकदा, मिशीवाचून लोकांसमोर उभं राहायचं होतं. बाई म्हणून. आणि ते अक्कांनी बघावं असं वाटत होतं. म्हणून दत्तोपंतांचं बोलावणं आलं तेव्हा मी अक्कांशी कडाकडा भांडून निघाले. भांडले मी एकटीच. त्यांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जा. चित्र लागलं की मी येईन बघायला.”

आणि इथं येऊन बघते तर काय, मला बाईच होता येईना.

“उद्यापासून हेर्लेकर येतील तुम्हाला शिकवायला,” दत्तोपंतांनी त्या दिवशी संध्याकाळी जाहीर केलं.

“काय शिकवायला?”

“बाई व्हायला.”

शंकरराव हेर्लेकर म्हणजे एके काळचे नावाजलेले स्त्रीपार्टी. नाटकात ते नायिकेच्या वेशात नुसते पाठमोरे आत निघाले तरी लोक टाळ्या द्यायचे. आता छत्तिशी उलटली होती, आवाज बसला होता, मंडळीत कोवळी पोरं आली होती. दत्तोपंतांनी आधीच्या चित्रात नायिका म्हणून त्यांनाच घेतलं होतं. पण गाल कितीही तासले तरी पडद्यावर दाढीची काळी सावली यायची, आणि नायिका रडायला लागली की लोक हसायला लागायचे. म्हणून तर माझा नंबर लागला होता.

दुसऱ्या दिवशी ते आले. धोतर, काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात छत्री. मला वाटलं होतं, नखरेल माणूस असेल. हे तर एखाद्या शाळामास्तरासारखे दिसत होते.

“नमस्कार, बाई,” ते म्हणाले. कोट काढून त्यांनी झाडाला अडकवला, धोतराचा सोगा खांद्यावर पदरासारखा घेतला आणि घडा डोक्यावर ठेवला. “बघा हं. पाऊल असं टाकायचं, की जमिनीला कळू नये. एक. दोन. तिसऱ्याला जरा थबकायचं, काहीतरी विसरल्यासारखं. मग मान. मग डोळे.”

ते चालले. मी खोटं कशाला बोलू? धोतरातला तो दाढी वाढलेला माणूस गेला कुठं, कळलं नाही. आंब्याच्या सावलीतून एक बाई चालत गेली. मला इतका राग आला म्हणून सांगू!

“तिसऱ्याला थबकायचं कशाला?” मी विचारलं. “घड्यात पाणी आहे, घर गाठायचंय.”

“बाई थबकते.”

“कुठली बाई? मी एकही थबकलेली पाहिली नाही. भरला घडा डोक्यावर असताना थबकली तर मान मोडेल तिची.”

“खऱ्या बाईचं मला ठाऊक नाही,” ते शांतपणे म्हणाले. “नाटकातली थबकते.”

“तुम्ही हे कुणाकडून शिकलात?”

“आमच्या मास्तरांकडून.”

“आणि ते?”

“त्यांच्या मास्तरांकडून.”

“मग या सगळ्या वंशावळीत एखादी बाई कुठं आली?”

ते पहिल्यांदाच हसले. “आमच्या नाटकात बाईला येऊ कुणी दिलं होतं? आता आल्या आहात, तर लोक म्हणतात, ही बाई वाटत नाही. पंचवीस वर्षं त्यांनी आम्हालाच बघितलंय. त्यांना आमचीच खूण पटते. चला, घडा घ्या. एक.”

आठ दिवस मी एक-दोन केलं. खोलीचं दार लावून केलं, जेवणाच्या पंगतीला जाताना केलं, आंघोळीची बादली नेतानासुद्धा केलं. पाय ऐकेनात. तिसऱ्या पावलाला थबकायला जावं, तर टाच आपोआप जमिनीवर आपटायची आणि हात कमरेला तलवार शोधायचा. हेर्लेकर कधी चिडले नाहीत, कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ते आपले म्हणायचे, “होईल हं, बाई. आम्हाला तीन वर्षं लागली होती.”

दत्तोपंतांना आणखी तीन दिवसही थांबायचं नव्हतं. नवव्या दिवशी सगळा लवाजमा पंचगंगेच्या घाटावर गेला. चित्रातला मोठा प्रसंग तिथं होता. राजानं संशयावरून टाकलेली राणी नदीकाठी कष्ट करून राहते, पाणी भरून वर यायला लागते, आणि चूक कळलेला राजा घाटाच्या पायऱ्या उतरत तिला भेटायला येतो. मी पाण्यापासून वर चालत आले. दत्तोपंतांनी कपाळाला हात लावला. पुन्हा आले. त्यांनी मिस्त्रीला हँडल थांबवायला सांगितलं.

“झालं,” ते म्हणाले. “लांबून आणि पाठमोरे हेर्लेकर चालतील. जवळून तोंड तुमचं घेऊ.”

“म्हणजे अर्धी राणी मी आणि अर्धी ते?”

“लोकांना एकच दिसेल.”

“मी नाही करणार.”

“नका करू,” ते म्हणाले. “मग मला तोंडही दुसरं शोधावं लागेल. जाहिरात अजून छापायची आहे.”

काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी खाली काठाशी जाऊन उभी राहिले. हेर्लेकर माझ्यासारखंच लुगडं नेसून आले. माझ्याकडे न बघता त्यांनी घडा उचलला.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हातातले पिळे तसेच धरून बघायला लागल्या. हेर्लेकर चालले. तिसऱ्या पावलाला थबकले, मान वळली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं गालाला बोट लावलं.

“काय चालतीया गं! राणी हाय न्हवं?”

“का हो,” मी तिला विचारलं, “तुम्ही चालता का असं?”

“आमी? डोईवर घागर घिऊन?” ती फिदीफिदी हसली. “असं चाललं तर सासू दारात हुबी करंल. पर बघाया ग्वाड वाटतंय की.”

माझं डोकंच फिरलं. मी पायात वहाणा चढवल्या आणि घाटाच्या पायऱ्या चढायला लागले. कोल्हापूर सोडायचं, चित्र गेलं खड्ड्यात, माझ्या नावानं कुणाचंही तोंड लावा म्हणावं. पदर कमरेला खोचलेला, मान ताठ, टाच आधी. बायका बाजूला सरल्या. मी वरच्या पायरीवर पोचले, तेवढ्यात खालून दत्तोपंतांचा आवाज आला.

“थांबा! थांबा! मालतीबाई, पुन्हा खाली या! आणि तसंच वर जा!”

मी वळले. ते धावत येत होते, टोपी पडली तरी भान नव्हतं. क्षणभर मला खरंच वाटलं, की यांच्या डोक्यात उजेड पडला. बाई अशीही चालते, हे या माणसाला दिसलं.

“हीच चाल!” ते धापा टाकत म्हणाले. “आठवडाभर मी हीच शोधतोय. ही माझ्या राजाची चाल!”

राजाचं काम अण्णाप्पा पैलवान करत होता. खांदे दाराएवढे, चेहरा देखणा. पण चालायला लागला की आखाड्यात उतरल्यासारखा हात लांब सोडून, मांड्या फाकवून चालायचा. तो तिथंच खारे दाणे खात बसला होता. दत्तोपंतांचं बोलणं ऐकून त्याला वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं.

“घ्या की बाईस्नी,” तो म्हणाला. “मला त्या पायऱ्या उतरताना लाजच वाटतीया बगा.”

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनीही मनाला लागून राहिलंय ते हेच. पण नाही म्हटलं असतं तर तोंडही गेलं असतं, आणि अक्का यायच्या होत्या. मी अण्णाप्पाचा अंगरखा चढवला, जिरेटोप घातला, तलवार बांधली. मिशी लावायला आलेल्या माणसाचा हात मी झटकला.

“लांबून घेताय ना? मग मिशी कशाला?”

“लांबूनही दिसते,” तो म्हणाला, आणि चिकटवली.

मी वरून उतरत आले. हेर्लेकर खालून चढत आले. मधल्या पायरीवर राणीचा घडा फुटला आणि राजानं तिला जवळ घेतलं. मी राजा, ते राणी. मिस्त्रीचं हँडल खरखर फिरत होतं. हेर्लेकरांनी डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं, गालाचे खुंट माझ्या मानेला टोचले. त्यांचे ओठ हलले. बोलपट असता तर तिथं एखादं पद आलं असतं. ते पुटपुटले, “बाई, सतरा वर्षं राजांच्या गळ्यात पडलोय. इतका सरळ उभा राहणारा एकही मिळाला नव्हता.”

मला हसावं की रडावं कळेना. दत्तोपंत ओरडले, “वा! रडू येऊ द्या, येऊ द्या!” ते लांबून दिसणार नव्हतं, तरीही.

त्यानंतर मी राजाचे कपडे उतरवून पुन्हा लुगडं नेसले आणि जवळून तोंड दिलं. अण्णाप्पाच्या छातीवर डोकं टेकवून डोळ्यांत पाणी आणायचं होतं. ते मात्र पहिल्याच खेपेला आलं.

चित्र दोन महिन्यांनी मिरजेला लागलं. अक्कांची मंडळी तेव्हा मिरजेलाच मुक्कामाला होती. चारच्या खेळाला त्या आल्या, एकट्या, हिरवं इरकली लुगडं नेसून. कंपनीतर्फे दत्तोपंत आणि चित्राच्या रिळांच्या पेट्या घेऊन हेर्लेकर आले होते. मी अक्कांच्या शेजारी बायकांच्या बाजूला बसले. त्यांनी सुपारीची डबी पुढे केली, मी एक फोड घेतली.

पडद्यावर माझं तोंड आलं. केवढं मोठं! डोळे, ओठ, नाकातली नथ. मिशी नाही, काही नाही. मी पडद्याकडे बघतच नव्हते, अक्कांकडे बघत होते. त्या ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसवल्यासारख्या. वनवास झाला, रडणं झालं, आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. माझ्यासाठी पुसत होत्या! अक्कांचे डोळे कोरडे.

मग घाट आला. लांबून राणी वर चढायला लागली आणि थेटरात चुळबुळ थांबली. पडद्याशेजारी बसलेल्या पेटीवाल्यानं सूर बदलला. अक्का जरा पुढे वाकल्या, पुन्हा मागे टेकल्या. “ही तू नव्हेस,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

वरच्या पायरीवर राजा उभा राहिला. तो चार पावलं उतरला असेल नसेल, अक्कांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

“म्हाळसे,” त्या म्हणाल्या. “ही तू. ही माझी म्हाळसा.”

पलीकडे पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या वाजत होत्या. अक्कांनी इरकलीचा पदर डोळ्यांना लावला.

“शाब्बास,” त्या म्हणाल्या.

चौदा वर्षं मी त्या शब्दाची वाट बघितली होती. आणि तो आला तो असा, मिशीला. “अक्का,” मी म्हटलं, “राणी मी आहे. तिचं तोंड माझं आहे. ते बघा ना.”

“बघितलं की. चांगलं आहे तोंड,” त्या समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, आणि पुन्हा राजाकडे बघायला लागल्या.

खेळ सुटला तेव्हा बाहेर ऊन होतं. थेटरासमोर ही गर्दी. मिस मालती आलीय हे दत्तोपंतांनी आतच फोडलं होतं. लोकांनी वाट सोडली, पण कडं करून उभे राहिले. अक्का टांग्यापाशी थांबल्या होत्या. मी त्यांच्याकडे निघाले. दोन पावलं टाकली असतील, तोच कुणीतरी मोठ्यानं म्हणालं,

“ही न्हवं ती. ती कशी चालती!”

“व्हय की. तोंड तसंच हाय, पर ही न्हवं.”

एक म्हातारी पुढे आली. कडेवर नात होती. “बाय माझे,” ती अगदी लाडानं म्हणाली, “जरा चालून दाव की. घाटावर चाललीस तसं. माझी नात दोनदा रडली बघ तुझ्यापायी.”

मी दत्तोपंतांकडे बघितलं. ते डोळ्यांनी सांगत होते, दाखवा. मग मला हेर्लेकर दिसले. ते पेट्यांजवळ उभे होते, काळा कोट, रुमाल, हातात छत्री. मी सरळ त्यांच्यापाशी गेले.

“दाखवा तुम्ही,” मी म्हटलं, लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं. “ती चाल तुमची आहे. माझी नाही. सांगा यांना.”

लोक हसले. त्यांना थट्टा वाटली. छत्रीवाला माणूस राणी! हेर्लेकरही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“नको, बाई,” ते हळूच म्हणाले. “त्यांना रडू आलंय तेवढं राहू द्या. मी दाखवली तर हसतील. एकदा हसलेत.”

रागवायचं तरी कुणावर? दत्तोपंतांवर रागावून झालं होतं, पायांवर रागावून झालं होतं. हा माणूस माझ्यासमोर छत्री दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि ज्याच्यासाठी सगळी मिरज जमली होती ते त्याला आपलं म्हणता येत नव्हतं.

“एक,” ते ओठातल्या ओठात म्हणाले.

मी पदर डोक्यावरून घेतला आणि थेटराच्या दारापासून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले, पिंपळाच्या पारापर्यंत. एक. दोन. तिसऱ्याला थबकले. मान. डोळे. आठ दिवस भिंती धरून जे जमलं नव्हतं, ते काहीही न करता होत गेलं. टाच वाजली नाही. हात तलवार शोधायला गेला नाही. टाळ्या सुरू झाल्या, म्हातारीनं दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. मागून हेर्लेकरांचा आवाज आला, मला एकटीलाच कळेल असा.

“आता जमलं, बाई.”

मी पारापाशी पोचले आणि वळले. रस्त्याच्या त्या टोकाला अक्का टांग्याच्या पायरीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. माझी वाट बघत होत्या. दोन्ही बाजूंनी लोक आणि मधे तेवढाच रस्ता. अक्कांपर्यंत जायचं तर मला तो पुन्हा चालत पार करायचा होता. कुठल्या चालीनं, ते मला कळेना.

मी तिथंच उभी राहिले.